कोरा कागद की छापील नमुना?

माझ्या काकांचा लग्नपत्रिका छापण्याचा लहानसा छापखाना आहे. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन बसत असे. लग्नसराईत छापखान्यात पाय ठेवायला जागा नसे. वधूकडची, वराकडची मंडळी बाकावर दाटीवाटीने बसत आणि काका त्यांच्या पुढ्यात नमुन्यांचा एक जाडजूड आल्बम ठेवीत. डाव्या पानावर मराठी पत्रिका, उजव्या पानावर कन्नड. कुठे गणपती, कुठे कलश, कुठे नुसतीच सोनेरी रेघ. मंडळी पाने उलटीत, आपसांत वाद घालीत आणि शेवटी एका पत्रिकेवर बोट ठेवून म्हणत, "हीच द्या. नावं तेवढी बदला." क्वचित एखादे गृहस्थ असेही येत, की जे आल्बमला हात न लावता खिशातून घडी घातलेला कागद काढीत आणि म्हणत, "मला अशी पाहिजे." काका त्यांचेही काम तितक्याच आस्थेने करीत. त्यांनी आल्बम कधी कपाटात दडवून ठेवला नाही आणि कधी कोणाच्या गळ्यातही मारला नाही.

आज बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकताना मला त्या आल्बमची वारंवार आठवण होते. कारण आमच्या वर्गात गेल्या सत्रात एक वाद पेटला आणि तो अजून विझलेला नाही. वादाचा विषय असा : संकेतस्थळासाठी प्लगइन लिहिणाऱ्याने त्यासोबत तयार साचे आणि तयार सजावट द्यावी की न द्यावी? विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. परंतु या वादात मी दोन्ही बाजूंनी तोंडघशी पडले असल्यामुळे त्यावर चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मला नम्रपणे वाटते.

कला आणि वाणिज्य शाखेच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करते. आज जगातील संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्थळे वर्डप्रेस नावाच्या एका प्रणालीवर चालतात. ही प्रणाली २००३ साली निघाली. २००४ मध्ये तिच्यात प्लगइनची सोय झाली आणि २००५ मध्ये थीमची. थीम म्हणजे घराचा रंग, दारे-खिडक्या, एकूण थाटमाट. प्लगइन म्हणजे घरात नव्याने बसवलेली सोय. कुठे दुकान, कुठे दिनदर्शिका, कुठे चौकशीचा अर्ज. अधिकृत संग्रहात अशी ५० हजारांहून अधिक प्लगइन विनामूल्य मिळतात. घराचा रंग एकाने ठरवायचा आणि त्या घरातले कपाट दुसऱ्याने करायचे, असा हा मामला आहे. मग कपाट रंगवून द्यायचे की नुसते लाकूड ठेवून जायचे, हा प्रश्न ओघानेच येतो.

एक पक्ष म्हणतो, प्लगइनने फक्त काम करावे. माहिती द्यावी आणि बाजूला व्हावे. रूप हा थीमचा प्रांत आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याला बसवल्या क्षणी रूप नाही ते प्लगइन सामान्य माणसाच्या काहीच उपयोगाचे नाही. या दोन्ही मतांवर मी क्रमाने श्रद्धा ठेवली आणि दोन्ही वेळा माझी फजिती झाली. ती हकीकत सांगणे बरे.

दुसऱ्या वर्षात असताना मी आमच्या विभागासाठी सूचनाफलकाचे एक लहान प्लगइन लिहिले. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सूचना द्याव्यात, बटण दाबले की भाषा बदलावी, जुन्या सूचना आपोआप मिटून जाव्यात, इतकाच त्याचा पसारा. पहिलेच अपत्य असल्यामुळे त्याला नटवण्याचा मोह मला आवरला नाही. गोल कोपऱ्यांची पेटी, तिला सावली, मथळ्याच्या अक्षरांत ऐटदार अंतर, तारीख बारीक आणि फिकट राखाडी. प्रयोगशाळेतल्या मोठ्या पडद्यावर, इंग्रजी मजकूर घालून, मी ते सर्वांना दाखवले. सर्वांनी वाहवा केली.

तीन आठवड्यांनी कन्नड विभागातली माझी एक मैत्रीण मला जिन्यात गाठून म्हणाली, "अगं, तुझ्या पेटीत आमची अक्षरं कमरेपासून खाली कापली जातात." मी जाऊन पाहिले तर खरेच. कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन बहुधा पहिल्याच्या खाली लिहितात. त्याला ओत्तक्षर म्हणतात. मी ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले होते आणि पेटीबाहेर जाईल ते झाकून टाकावे अशी आज्ञा दिली होती. त्यामुळे शेवटच्या ओळीची ओत्तक्षरे नाहीशी झाली होती. मराठीची दशा निराळी. अक्षरांमध्ये अंतर घातल्यामुळे शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर वेगळे पडले होते. दांडीवर वाळत घातलेले कपडे दिसावेत तसा तो मथळा दिसत होता.

इथवर हसण्यावारी नेता आले असते. पण त्याच महिन्यात परीक्षेचे अर्ज भरण्याची सूचना निघाली. शेवटची तारीख माझ्या त्या फिकट राखाडी बारीक अक्षरांत होती. पहिल्या वर्षाच्या दोन मुली सकाळच्या बसने खेड्यातून येतात. बसथांब्यावर उन्हात उभ्या राहून त्यांनी मोबाईलवर सूचना उघडली. सूचना दिसली, तारीख दिसली नाही. त्यांना विलंब शुल्क भरावे लागले. त्यांच्यापैकी एकीने मला कसलाही राग न धरता सांगितले, की ते पैसे तिने आठवड्याच्या बसभाड्यातून काढले आणि तो आठवडा ती मावशीकडे राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हौसेची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली होती.

पश्चात्तापाच्या भरात मी दुसऱ्या टोकाला गेले. प्लगइनमधली सजावटीची फाईल मी पूर्णपणे काढून टाकली. ज्याचे घर त्याने रंगवावे, आपण लुडबूड करू नये, असा शहाणपणाचा निष्कर्ष मी काढला आणि काही दिवस मला फार हलके वाटले.

खानापूरकडच्या एका गावात माझी मावशी शाळेत शिक्षिका आहे. शाळेचे संकेतस्थळ तीच सांभाळते, तेही वेतनाबाहेरचे काम म्हणून. तिने माझे प्लगइन मागून घेतले आणि बसवले. संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, तू दिलेलं आलं बघ, पण नुस्ता सांगाडा आलाय. अंगावर कपडाच नाही की!" मी दुसऱ्या दिवशी पाहिले. मराठी सूचना, तिच्याखाली तीच कन्नडमध्ये, तिच्याखाली इंग्रजीत, अशी सगळी एकाखाली एक उघडी पडली होती. बटणे होती, पण दाबून काही होत नव्हते. गेल्या दोन वर्षांच्या सूचना मिटायच्या होत्या, त्या उघड्याच. अंध वाचकांसाठी पडदावाचक यंत्राने वाचाव्यात म्हणून मी काही वाक्ये डोळ्यांआड ठेवली होती, तीही सर्वांसमोर येऊन बसली होती. कारण हे सारे मिटणे, उघडणे, आड ठेवणे ज्या फाईलमध्ये होते, तीच मी 'सजावट' म्हणून फेकून दिली होती.

मी मावशीला म्हटले, "तुमच्या थीममध्ये थोडे सी.एस.एस. लिहिले की झाले." ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "बाळा, मला ते येत असतं तर तुझ्याकडं कशाला मागितलं असतं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'ज्याचे घर त्याने रंगवावे' हे तत्त्व उदात्त आहे, पण ते रंगारी असलेल्या माणसाला लागू पडते. प्लगइन बसवणाऱ्यांत मावशीसारखी माणसे फार आहेत. दुकानदार, बचत गट, ग्रंथालये, गावोगावच्या शाळा. त्यांना कोरा कागद देणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे. ते त्यांना वाऱ्यावर सोडणे आहे.

तेव्हा माझे पहिले म्हणणे असे : आपण 'सजावट' या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि मग भांडत बसतो. एक असते बांधणी. तीन भाषांपैकी एकच दिसणे, दिनदर्शिकेचे सात वार सात रकान्यांत बसणे, लहान पडद्यावर तक्ता न तुटणे, हे रूप नसून काम आहे. दुसरा असतो शृंगार. रंग, सावली, टंक, गोल कोपरे. बांधणी नसेल तर प्लगइन मोडते. शृंगार नसेल तर ते फक्त साधे दिसते. पहिली गोष्ट देणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्यच आहे. वाद व्हायचा तर तो दुसरीबद्दल व्हावा.

हा भेद माझ्या डोक्यातून निघालेला नाही. जाणत्या लोकांनी तो प्रत्यक्षात आणलेला आहे. दुकान चालवण्यासाठी वूकॉमर्स नावाचे प्रसिद्ध प्लगइन २०११ साली निघाले. त्याची सजावट तीन फायलींत विभागलेली असते. एकीत मांडणी, दुसरीत लहान पडद्यासाठीची मांडणी आणि तिसरीत रंगरूप. यांतली कोणतीही एक किंवा तिन्ही बंद करण्याची सोय त्यांनीच ठेवली आहे. खुद्द वर्डप्रेसने २०१८ च्या डिसेंबरात मजकुराचे ठोकळे रचण्याची नवी पद्धत आणली तेव्हा हाच मार्ग धरला. ठोकळ्यांची बांधणी सर्वांना मिळते. त्यांचा जादा शृंगार मात्र थीमने स्वतः होऊन मागितला तरच मिळतो. याउलट काँटॅक्ट फॉर्म सेव्हन हे चौकशी अर्जाचे प्लगइन पाहा. ते इतके साधे रूप देते की नाकीडोळी काही लक्षात राहत नाही, आणि तेवढेही नको असेल तर एका ओळीत बंद करता येते. तरी ते पन्नास लाखांहून अधिक स्थळांवर वापरात आहे. म्हणजे साधेपणाने कोणाचे अडत नाही. अडते ते मोडलेपणाने.

मग शृंगाराचे काय? इथे कोरा कागद मागणाऱ्यांची बाजू मला पूर्ण ताकदीने मांडली पाहिजे, कारण ती बाजू खोटी नाही.

त्यांचा पहिला आक्षेप असा, की प्रत्येक प्लगइनने आपापला रंग आणला तर स्थळ ठिगळांचे होते. एका पानावर निळे बटण, दुसऱ्यावर हिरवे, तिसऱ्यावर नारिंगी. दुसरा आक्षेप वजनाचा. प्लगइन एका पानावर वापरले असले तरी त्याची सजावट बहुधा सर्व पानांवर लादली जाते. दहा प्लगइन म्हणजे दहा गाठोडी, आणि ती ज्याच्या मोबाईलवर उतरतात त्याने आपल्या डेटाचे पैसे भरलेले असतात. तिसरा आक्षेप अरेरावीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. आपलीच सजावट टिकावी म्हणून काही लिहिणारे प्रत्येक आज्ञेपुढे 'इम्पॉर्टंट' हा शब्द ठोकून देतात. सी.एस.एस.मध्ये या शब्दाचा अर्थ, 'इतर कोणी काही सांगितले तरी माझेच ऐका.' मग स्थळाच्या मालकाला साधा रंग बदलायचा तरी त्याला त्याहून मोठ्याने ओरडावे लागते. असे दोघेजण ओरडू लागले की स्थळाची चावडी होते.

हे तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. पण बारकाईने पाहिले तर ते सजावट देण्यावरचे आक्षेप नाहीत. सजावट कशी दिली यावरचे आहेत. पाहुणा लाडू घेऊन आला याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. लाडू घेऊन सरळ देवघरात शिरला तर करतो.

या बाबतीत सी.एस.एस.चा जन्म कसा झाला हे पाहणे उद्बोधक आहे. होकोन व्हिउम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने १९९४ च्या ऑक्टोबरात ही कल्पना मांडली. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १९९६ च्या डिसेंबरात पहिली आवृत्ती अधिकृत झाली. या नियमांचे मर्म नावातच आहे. कॅस्केड म्हणजे एकाखाली एक कोसळणारे धबधबे. पानाचे रूप एकट्याने ठरवायचे नसून तिघांनी मिळून ठरवायचे, अशी ही रचना. ब्राउझरची स्वतःची सजावट सर्वांत दुबळी. तिच्यावर वाचकाची आवड. तिच्यावर लेखकाची योजना. पहिल्या आवृत्तीच्या परिशिष्टात तर ब्राउझरांसाठी सजावटीचा एक तयार नमुनाच छापलेला आहे. आणि १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने एक माणुसकीचा बदल केला. लेखक आणि वाचक दोघांनीही 'इम्पॉर्टंट' म्हटले, तर वाचकाचे ऐकावे. ज्याची दृष्टी अधू आहे त्याला मोठी अक्षरे हवी असतील तर लेखकाच्या हौसेने त्याच्या आड येऊ नये.

वाचकहो, मला या रचनेत मोठे शहाणपण दिसते. जाळ्याची उभारणी करणाऱ्यांनी तयार नमुना नाकारला नाही. कोणी काहीच न सजवलेले पानही वाचता आले पाहिजे. दुवा निळा आणि अधोरेखित, मथळा ठळक, परिच्छेदांत अंतर, हे त्यांनी आधीच देऊन ठेवले. मात्र त्या नमुन्याला त्यांनी सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. कोणीही यावे आणि त्याला सहज बाजूला सारावे. नमुना असावा, पण तो हरायला तयार असावा, हे जे सूत्र ब्राउझरला लागू केले, तेच प्लगइनला का लागू करू नये?

आणि आता तर त्यासाठी साधनेही आली आहेत. 'व्हेअर' या निवडकाने लिहिलेल्या आज्ञेचे वजन शून्य धरले जाते; थीमची साधी आज्ञाही तिला हरवते. २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत 'लेयर' म्हणजे थरांची सोय आली. प्लगइनने आपली सजावट एका थरात ठेवली, तर थराबाहेर लिहिलेली थीमची कोणतीही साधी आज्ञा तिच्यावर मात करते. २०२१ पासून वर्डप्रेसमध्ये थीमला आपले रंग आणि अक्षरांची मापे एका ठिकाणी जाहीर करता येतात. प्लगइनने स्वतःचा निळा आणण्याऐवजी यजमानाचाच रंग उसना घ्यावा. म्हणजे ठिगळ दिसत नाही. आणि ज्या पानावर सूचनाफलक आहे त्याच पानावर त्याची फाईल पाठवण्याची सोय तर पूर्वीपासूनच आहे. वजनाचा आक्षेप तिथेच मिटतो. तेव्हा 'सजावट दिली की त्रास होतो' ही सबब आता पुरेशी नाही. त्रास होतो तो आळसाने.

साच्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे मी अधिक सावध आहे. सजावट म्हणजे कपडे, तर साचा म्हणजे हाडे. कोणता मजकूर कोणत्या क्रमाने येईल, त्याची आखणी. वूकॉमर्समध्ये आणि इतर अनेक प्लगइनांत अशी पद्धत आहे, की साच्याची फाईल उचलून आपल्या थीममध्ये ठेवावी आणि हवी तशी बदलावी. प्लगइन मग आपली बाजूला ठेवून तुमचीच वापरते. सोय उत्तम. पण पुढे प्लगइन सुधारते आणि तुमची प्रत तिथेच राहते. मूळ साच्यात एखादी चूक दुरुस्त झाली, तरी ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. वूकॉमर्स यासाठी प्रत्येक साच्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहिते आणि जुनी प्रत सापडली की मालकाला तसा इशारा देते. हा प्रामाणिकपणा सर्वांनी उचलावा. साचा द्यावा, पण त्याला तारखेचा शिक्का असावा; आणि शक्य तिथे अख्खा साचा नक्कल करायला न लावता, हवी ती ओळ हव्या त्या जागी जोडता येईल अशा फटी ठेवाव्यात.

साच्याचा आणखी एक गुण-दोष आपल्यासारख्या दुभाषी प्रदेशातल्या माणसालाच चटकन दिसतो. इंग्रजी साच्यात 'अमुक यांच्याकडून, अमुक तारखेला' अशा क्रमाने शब्द खिळ्यांसारखे एकेक ठोकलेले असतात. मराठीत आपण 'अमुक तारखेला अमुक यांनी' असे सहज म्हणतो. कन्नडचीही चाल तीच. साच्यात वाक्याचे तुकडे केलेले असतील तर कितीही उत्तम भाषांतरकार असला तरी वाक्य तिरपेच होणार. अख्खे वाक्य एकत्र ठेवले आणि नाव व तारीख यांना क्रमांक दिले, तर भाषांतरकार त्यांची जागा बदलू शकतो. तयार साचा देणाऱ्यावर ही जबाबदारी येते. तो नुसती मांडणी देत नाही, वाक्यरचनाही देतो.

लिपीचे तसेच. आपल्याकडे आर. के. जोशी यांच्यासारखा कवी आणि अक्षरकार होऊन गेला. विंडोजवर वर्षानुवर्षे आपण ज्या अक्षरांत मराठी वाचली तो मंगल टंक त्यांच्याच हातचा. एवढ्या मेहनतीने घडवलेली अक्षरे दूर कुठेतरी बसून 'दोन बिंदू अंतर टाका' असे लिहिणाऱ्याने एका ओळीत उसवावीत, हे दुःखद आहे. आणि त्याहून दुःखद हे, की ते मी इथे, बेळगावात बसून केले. दोष परक्यांचा नव्हता. मी इंग्रजीत मजकूर घालून पाहिले आणि समाधान मानले. म्हणून माझे म्हणणे आहे, की तयार सजावटीत टंक ठरवूच नये, तो थीमकडून घ्यावा. ओळींमधले अंतर ऐसपैस असावे. अक्षरांत अंतर कधीही घालू नये. पेटीची उंची बांधून टाकू नये. आणि कोणत्या मजकुराची भाषा कोणती, हे साच्यातच नोंदवावे. काही टंकांत मराठी असे सांगितले की मराठी वळणाचे 'श' आणि 'ल' आपोआप येतात. एवढ्याशा नोंदीने केवढा फरक पडतो!

कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण विनामूल्य काम करणाऱ्या माणसाकडून किती अपेक्षा करायची?" प्रश्न रास्त आहे. फुकट प्लगइन लिहिणारा कोणाचा नोकर नाही. परंतु माझा अनुभव असा, की तयार नमुना देण्याचा सर्वांत मोठा फायदा लिहिणाऱ्यालाच होतो. नमुना तयार करायला बसले तेव्हाच मला कळले, की माझ्या सूचनेला शेवटची तारीख असा स्वतंत्र रकानाच नव्हता. ती मजकुरात कुठेतरी मिसळून जात असे. तीच चूक त्या दोन मुलींना भोवली होती. नुसती माहिती फेकून बाजूला झाले असते तर मला ती कधीच दिसली नसती. स्वयंपाक करणाऱ्याने निदान एकदा ताट वाढून पाहावे, म्हणजे मीठ राहिले आहे हे समजते.

तिसऱ्यांदा लिहिलेले माझे प्लगइन आता असे आहे. बांधणीची एक छोटी फाईल, ती नेहमी असते. शृंगाराची दुसरी, ती बसवताक्षणी चालू असते आणि एका खुणेने बंद होते. रंग आणि टंक यजमानाचे. 'इम्पॉर्टंट' हा शब्द एकदाही नाही. शेवटची तारीख स्वतंत्र ओळीत, ठळक, मजकुराच्याच रंगात. तपासताना मी आधी कन्नड मजकूर घालते, मग मराठी, शेवटी इंग्रजी. आणि मोबाईल घेऊन उन्हात जाऊन पाहते. ते निर्दोष आहे असा माझा दावा नाही. यजमानाचा रंग घेतला की यजमानाचे दोषही येतात. थीमची अक्षरे फिकट असतील तर माझीही फिकटच दिसतात. पण मावशीने ते बसवले आणि त्या दिवशी तिचा फोन आला नाही. ही मला आजवर मिळालेली सर्वांत मोठी पावती आहे.

म्हणून माझे मत मी स्पष्ट शब्दांत नोंदवते. प्लगइन लिहिणाऱ्याने तयार साचा आणि तयार सजावट अवश्य द्यावी. ज्याला काही येत नाही त्याचे काम तेवढ्यावर भागले पाहिजे. पण ती साधी असावी, हलकी असावी, दुसऱ्याच्या लिपीचा मान राखणारी असावी आणि ज्याला अधिक येते त्याच्या एका शब्दासरशी बाजूला होणारी असावी. कोरा कागद जाणत्यांची सोय पाहतो, आणि हट्टी नमुना फक्त लिहिणाऱ्याची हौस पुरवतो. हरायला तयार असलेला नमुना मात्र दोघांच्याही उपयोगी पडतो.

आपल्यापैकी अनेक जण उद्या या ना त्या रूपाने इतरांसाठी नमुने तयार करणार आहोत. कोणी अर्जाचे, कोणी प्रश्नपत्रिकेचे, कोणी पाठ्यपुस्तकाचे. आमच्या प्राध्यापकवर्गालाही मी आदरपूर्वक सुचवीन, की प्रकल्पाला गुण देताना प्रयोगशाळेतल्या पडद्याबरोबर बसथांब्यावरचा पडदाही एकदा पाहावा. परवा छापखान्यात गेले होते. आल्बम आता फार जाड झाला आहे आणि त्याच्या कडा विरल्या आहेत. एक वयस्कर बाई एकट्याच पाने उलटीत बसल्या होत्या. काका समोर उभे होते, पण एक शब्द बोलत नव्हते. बाईंनी शेवटी एका पानावर बोट ठेवले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ही चालेल. पण हा कलश काढता येईल काय हो?"

काका म्हणाले, "येईल की. तुमच्या मुलीचं लग्न आहे, माझं नव्हे."